परीक्षा झाली नाही, मग पेढे कशाचे? कोरोना काळातील दहावी आणि घरचा आनंद

१६ जुलै २०२१. दुपारी एक वाजता महाराष्ट्र राज्य माध्यमिक मंडळाचा दहावीचा निकाल जाहीर झाला आणि काही मिनिटांतच निकालाचे संकेतस्थळ बंद पडले. राज्यभरातील पालक कितीतरी तास मोबाईल हातात धरून बसले होते. संध्याकाळपर्यंत आकडा सगळ्यांना तोंडपाठ झाला : ९९.९५ टक्के. सुमारे पावणेसोळा लाख मुलांपैकी जवळजवळ सगळी उत्तीर्ण. त्याच संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर विनोदही फिरू लागले. परीक्षाच नाही तर निकाल कसला, यंदा नापास व्हायलाच हुशारी लागते, वगैरे.

त्याच दिवशी कर्जत-खालापूर पट्ट्यातल्या अनेक घरांत पेढे आणले गेले. बाबासाहेबांच्या आणि तथागतांच्या प्रतिमेसमोर मेणबत्ती लागली, घरातल्या घरात त्रिशरण-पंचशील झाले, मुलाचा किंवा मुलीचा फोटो आईवडिलांच्या स्टेटसला लागला. हे पेढे चुकीचे होते का? परीक्षा न देता मिळालेल्या यशाचा आनंद करावा का? त्या वेळी हा प्रश्न अनेकांनी हसत विचारला. ती मुले आज विशीत आहेत आणि नोकरीच्या मुलाखतीत, नातेवाइकांच्या बोलण्यात 'कोरोना बॅच' हा शब्द अजूनही त्यांच्या मागे आहे. म्हणून या प्रश्नाचे उत्तर नीट समजून घ्यायला हवे.

निकाल कसा तयार झाला?

कोरोना काळातील दहावीच्या दोन तुकड्यांची नेहमी सरमिसळ केली जाते. त्या वेगळ्या आहेत.

२०२० च्या मुलांनी जवळजवळ पूर्ण परीक्षा दिली होती. मार्च महिन्यात पेपर सुरू होते. २३ मार्चचा भूगोलाचा पेपर टाळेबंदीमुळे आधी पुढे ढकलला, नंतर एप्रिलमध्ये रद्द केला आणि इतर विषयांच्या सरासरीवरून त्याचे गुण दिले. २९ जुलै २०२० रोजी ९५.३० टक्के निकाल लागला. आदल्या वर्षी तो ७७.१० टक्के होता. एवढी वाढ पाहून लोक म्हणाले, कोरोनाने पास केले. खरे कारण बरेचसे वेगळे होते. २०१९ साली भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण काढून टाकले होते, त्यामुळे निकाल खाली आला होता. २०२० मध्ये ते गुण पुन्हा सुरू झाले.

२०२१ च्या मुलांची परीक्षा मात्र झालीच नाही. २९ एप्रिलपासून होणारी परीक्षा आधी जूनमध्ये नेली आणि २० एप्रिलला, दुसरी लाट भरात असताना, ती रद्द करण्याचा निर्णय झाला. मे महिन्याच्या शेवटी शासनाने गुणांचे सूत्र ठरवले. प्रत्येक विषयाच्या १०० गुणांपैकी ५० गुण नववीच्या निकालावरून, ३० गुण दहावीच्या वर्षात शाळेने घेतलेल्या लेखी मूल्यमापनावरून आणि २० गुण तोंडी, प्रात्यक्षिक, गृहपाठ अशा अंतर्गत कामावरून.

या सूत्रातली एक गोष्ट विनोद करणाऱ्यांनी पाहिलीच नाही. या मुलांची नववी म्हणजे २०१९-२० चे वर्ष. त्या वर्षीची नववीची दुसऱ्या सत्राची परीक्षा टाळेबंदीमुळे झाली नव्हती. म्हणजे नववीचे गुण मुख्यतः कोरोनाच्या आधी, भरलेल्या वर्गात बसून, बाकावर पेपर लिहून मिळवलेले होते. दहावीच्या निकालाचा अर्धा भाग असा आधीच कमावलेला होता. उरलेला अर्धा भाग मुलांनी ज्या परिस्थितीत मिळवला, ती पाहिल्याशिवाय त्याची किंमत करता येत नाही.

पळसदरीतून पाहिलेले ते वर्ष

कर्जतहून खोपोलीकडे जाणाऱ्या रेल्वेच्या फाट्यावर पळसदरी हे पहिले स्टेशन. मग केळवली, डोळवली, लौजी आणि खोपोली. या गावांचे आयुष्य लोकलच्या वेळापत्रकावर बांधलेले आहे. हायस्कूल, कॉलेज, दवाखाना, तहसील कचेरी, कंपनीतली पाळी, सगळे गाडीच्या भरवशावर. २२ मार्च २०२० च्या मध्यरात्रीपासून लोकल बंद झाली. जूनमध्ये ती अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी सुरू झाली. पुढे काही काळ इतरांनाही परवानगी मिळाली, पण एप्रिल २०२१ मध्ये सर्वसामान्यांसाठी दार पुन्हा बंद झाले, ते लसीचे दोन्ही डोस घेतलेल्यांसाठी १५ ऑगस्ट २०२१ ला उघडले. दहावीचा निकाल लागला त्या दिवशी पळसदरीच्या सामान्य माणसाला लोकलने कर्जतला जाऊन मुलीसाठी ड्रेस आणणेही शक्य नव्हते.

या भागातली कमाई कशावर चालते हेही सांगायला हवे. थोडी भातशेती, खोपोली-खालापूरच्या कारखान्यांत कंत्राटी काम, कर्जतच्या आसपासच्या फार्महाऊसवर राखण, साफसफाई, स्वयंपाक, आणि मुंबई-ठाण्याकडे रोजची ये-जा. टाळेबंदीत फार्महाऊसचे पाहुणे थांबले, कंत्राटदाराने माणसे कमी केली, गाडी बंद म्हणून शहरातली कामे सुटली. त्यात ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि जिल्ह्यात घरांचे पत्रे उडाले, विजेचे खांब पडले. ऑनलाइन शिक्षणाची घोषणा होत असताना अनेक गावांत मोबाईल चार्ज करायलाही वीज नव्हती.

माझ्या कामाच्या निमित्ताने पळसदरीतल्या एका बौद्ध कुटुंबाशी माझा परिचय आहे. ओळख उघड होऊ नये म्हणून नावे देत नाही. आई फार्महाऊसवर स्वयंपाकाला, वडील खोपोलीच्या कंपनीत कंत्राटी कामगार, मुलगी दहावीत आणि मुलगा सातवीत. घरात स्मार्टफोन एकच, वडिलांचा. वडील पाळीला गेले की फोनही जायचा. मग मुलीने मैत्रिणीच्या घरी पाठ करायचे, शिक्षकांनी रात्री पाठवलेले व्हिडिओ वडील आल्यावर पाहायचे, गृहपाठाच्या वहीचे फोटो काढून पाठवायचे. घरात रेंज यायची नाही, म्हणून ती वरच्या आळीला एका ओट्यावर जाऊन बसायची. नोव्हेंबर २०२० मध्ये नववी ते बारावीचे वर्ग सुरू करायला परवानगी मिळाली तेव्हा शाळा सुरू झाली, पण पुन्हा बंदही झाली.

निकालाच्या दिवशी मी तिच्या आईला फोन केला, तेव्हा त्या म्हणाल्या, "ताई, लोक म्हणतात सगळेच पास झाले. होऊ देत की. माझी पोरगी वर्षभर शाळा सोडून बसली नाही, मी त्याचे पेढे वाटते."

या एका वाक्यात या लेखाचे निम्मे उत्तर आहे. त्या वर्षी खरी परीक्षा शाळेशी नाते न तुटू देण्याची होती. ज्या घरात एकच फोन, तुटलेली मजुरी आणि भीती होती, तिथे मूल वर्षाच्या शेवटी शाळेच्या पटावर टिकून राहिले हे यश होते. मंडळाच्या सूत्रातले ते २० आणि ३० गुण कोणाला फुकटचे वाटोत. फोन हाती येण्याची वाट पाहत रात्री अकराला गृहपाठ पाठवणाऱ्या मुलीने ते कमावलेले आहेत.

इतर देशांत काय झाले?

हा पेच एकट्या महाराष्ट्राचा नव्हता. अमेरिकेत २०२० च्या उन्हाळ्यात शाळांचे पदवीदान सोहळे रद्द झाले. तिथे पालकांनी अंगणात मुलांच्या नावाचे फलक लावले, सजवलेल्या गाड्यांतून मिरवणुका काढल्या, काही शाळांनी गाडीतच बसलेल्या मुलाच्या हाती प्रमाणपत्र दिले.

इंग्लंडमधला धडा आपल्या जास्त जवळचा आहे. तिथे २०२० साली बारावीच्या तोडीची ए-लेव्हल परीक्षा रद्द झाली. शिक्षकांनी मुलांना अपेक्षित श्रेणी दिल्या आणि मग सरकारी यंत्रणेने संगणकाच्या सूत्राने त्या 'सुधारल्या'. या सूत्रात शाळेचा मागील वर्षांचा निकाल धरला होता. १३ ऑगस्टला निकाल लागला तेव्हा सुमारे ३९ टक्के श्रेणी शिक्षकांनी दिलेल्यापेक्षा खाली आल्या होत्या. ज्या शाळेचा निकाल आजवर कमी, तिथल्या हुशार मुलालाही खाली ओढले गेले. लहान वर्ग असलेल्या खासगी शाळांना मात्र तुलनेने फायदा झाला. मुले रस्त्यावर उतरली आणि १७ ऑगस्टला सरकारला ते सूत्र मागे घेऊन शिक्षकांच्या श्रेणी मान्य कराव्या लागल्या.

समाजशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर गुणवत्ता मोजणारे कोणतेही माप समाजाच्या बाहेर तयार होत नाही. तुमची वस्ती, तुमची शाळा, तुमच्या आधीच्या पिढीचे शिक्षण या गोष्टी मापात आधीच मिसळलेल्या असतात. महाराष्ट्राच्या सूत्रावर टीका करायला जागा आहे. शाळांनी गुण देताना हात सैल सोडला हे नाकारता येत नाही. पण या सूत्राने गावाच्या नावावरून मुलाला खाली ओढले नाही, त्या मुलाची स्वतःची नववी आणि स्वतःची दहावी पाहिली.

अकरावी प्रवेशाच्या वेळी हाच वाद पुन्हा आला. शासनाने अकरावीसाठी २१ ऑगस्ट २०२१ ला वेगळी प्रवेश परीक्षा जाहीर केली होती. ऐच्छिक असली, तरी ती देणाऱ्यांना प्रवेशात प्राधान्य मिळणार होते. मुंबई उच्च न्यायालयाने १० ऑगस्टला ती रद्द केली आणि दहावीच्या मूल्यमापनावरच प्रवेश द्यायला सांगितले. म्हणजे ज्या निकालाची थट्टा झाली, त्याच निकालावर या मुलांचे पुढचे दार उघडले.

रामजी सुभेदारांचा नकार

'नुसती परीक्षा पास झाला तर एवढा गाजावाजा कशाला?' हा प्रश्न कोरोनाने जन्माला घातलेला नाही. आपल्या समाजाच्या इतिहासात तो एका मोठ्या घरात विचारला गेला आहे आणि विचारणारे होते रामजी सुभेदार.

'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथासाठी बाबासाहेबांनी १९५६ साली लिहिलेली एक प्रस्तावना आहे. ती पहिल्या आवृत्तीत छापली गेली नाही. तिच्यात ते आपल्या लहानपणीची हकीकत सांगतात. इंग्रजी चौथीची परीक्षा ते पास झाले तेव्हा समाजातल्या लोकांना जाहीर सभा घेऊन आनंद साजरा करायचा होता. इतर समाजांच्या मानाने हे यश लहानच होते, पण आपल्यातला मुलगा पहिल्यांदा या पायरीवर पोहोचला म्हणून लोकांना अप्रूप होते. ते रामजींकडे परवानगी मागायला गेले. रामजींनी साफ नकार दिला. अशाने मुलाच्या डोक्यात हवा जाईल, त्याने केवळ एक परीक्षा पास केली आहे, असे त्यांचे म्हणणे होते. लोक हिरमुसले, पण हटले नाहीत. ते रामजींचे स्नेही कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांच्याकडे गेले. केळुसकरांनी मध्यस्थी केली, रामजी अखेर तयार झाले आणि सभा झाली. तिथेच केळुसकर गुरुजींनी भीमरावांना स्वतः लिहिलेले गौतम बुद्धांचे चरित्र भेट दिले. ते पुस्तक वाचून आपण फार प्रभावित झालो, असे बाबासाहेब सांगतात.

चरित्रकार धनंजय कीर मात्र हा समारंभ १९०७ सालच्या मॅट्रिकच्या यशानंतरचा सांगतात आणि अध्यक्ष म्हणून सीताराम केशव बोले यांचे नाव देतात. कोणत्या परीक्षेनंतरचा, याबद्दल दोन्हींत फरक आहे. सभा झाली, केळुसकर होते आणि बुद्धचरित्र भेट मिळाले, याबद्दल एकमत आहे.

ते दिवसही साथीचे होते हे आपण विसरतो. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला आणि पुढची कितीतरी वर्षे दर हंगामात तो परत येत राहिला. गिरणगावातल्या दाटीच्या चाळींना त्याची झळ सर्वांत जास्त बसली. अशा काळात परळच्या चाळीतल्या एका खोलीत भीमराव मॅट्रिकचा अभ्यास करत होते. रामजी रात्री दोनपर्यंत जागायचे, मग मुलाला अभ्यासाला उठवून स्वतः झोपायचे, असे कीर लिहितात. मॅट्रिकला मिळालेले गुण होते ७५० पैकी २८२. आजच्या हिशेबाने चाळीस टक्केही नाहीत. त्या गुणपत्रिकेवर कोणी विनोद केला असता, तर इतिहासाने त्याला काय उत्तर दिले ते आपल्याला माहीत आहे.

समारंभाने नेमके काय केले?

रामजींची भीती खोटी नव्हती. कौतुकाने मुलगा फुगू शकतो. लोकांचा आग्रहही खोटा नव्हता. दोघांचे म्हणणे एकत्र ठेवून त्या सभेने पुढे काय काम केले ते पाहू.

पहिले, मुलाच्या हातात हार-तुऱ्यांबरोबर एक पुस्तक आले. दुसरे, सभेमुळे मुलाच्या शिक्षणाला साक्षीदार मिळाले. इंटर झाल्यावर रामजींचे पैसे संपले, पुढचे शिक्षण थांबायची वेळ आली, तेव्हा केळुसकर गुरुजीच पुढे आले. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे त्यांनी शब्द टाकला आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. त्याच आधारावर भीमराव बी.ए. झाले. तिसरे, ज्यांच्या अध्यक्षतेखाली ही सभा झाल्याचे कीर सांगतात, त्या बोले यांनी १९२३ साली मुंबई कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मांडला. त्याच ठरावाच्या आधारे १९२७ साली महाडचा सत्याग्रह उभा राहिला, आपल्याच रायगड जिल्ह्यात.

म्हणून असा समारंभ मुलाच्या डोक्यावर मुकुट ठेवण्यासाठी नसतो. समाज त्या दिवशी सांगत असतो की हा मुलगा आता आमच्याही जबाबदारीचा आहे. ज्या घरात तीन पिढ्या शिकलेल्या आहेत, तिथे दहावीनंतर काय हे कोणाला विचारावे लागत नाही. काका, मामा, शेजारी यांच्याकडे उत्तर तयार असते. ज्या घरात दहावी पास होणारे ते पहिलेच मूल आहे, तिथे ही माहिती आणि ही हिंमत बाहेरून यावी लागते. ती येण्याचा रस्ता म्हणजे हा आनंदाचा दिवस. त्या दिवशी घरी चार माणसे येतात आणि त्यातला एक जण विचारतो, "पुढं काय ठरवलंय?"

कोरोनाने नेमका हाच रस्ता बंद केला. दरवर्षी निकालानंतर विहारात, समाजमंदिरात होणारे गुणगौरव सोहळे थांबले. दुसऱ्या लाटेत बंद झालेली प्रार्थनास्थळे ७ ऑक्टोबर २०२१ पर्यंत उघडली नाहीत. म्हणजे निकाल लागला तेव्हा विहाराला कुलूप होते. लग्नालाही २५ माणसांची मर्यादा आलेल्या वर्षात गुणगौरव कोण करणार? पेढे घरात राहिले आणि अभिनंदन मोबाईलवर. आनंद कमी झाला त्यापेक्षा मोठे नुकसान म्हणजे 'पुढं काय' विचारणारी माणसे त्या दिवशी घरी आली नाहीत.

दुःखाच्या घरातील निकाल

२०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत अनेक घरांनी माणूस गमावला होता. जुलैमध्ये निकाल आला तेव्हा घरात वडिलांच्या किंवा आजीच्या फोटोला हार होता. अशा घरातल्या आईला प्रश्न पडायचा : पेढे आणावेत का, लोक काय म्हणतील?

कामाच्या अनुभवावरून एक सांगते. अशा घरात मुलाच्या यशाचा उल्लेखच टाळला, तर मूल त्याचा अर्थ वेगळाच काढते. माझ्यामुळे घरात आनंद यायला नको, माझ्या शिक्षणाला आता जागा नाही, असे त्याला वाटू लागते. मोठ्या मुलाला वडिलांची जागा घेऊन कामाला जावे लागेल ही भीती त्याच्या मनात आधीच असते. म्हणून ढोल-ताशे नसावेत, पण चार शब्द नक्की असावेत. गेलेल्या माणसाच्या प्रतिमेसमोर गुणपत्रिका ठेवून वंदना घ्यावी, "ते असते तर खूश झाले असते आणि तू पुढे शिकणार आहेस" असे घरच्या मोठ्या माणसाने मुलाला स्पष्ट सांगावे. दुःख आणि अभिमान एका दिवशी एका घरात राहू शकतात.

पेढ्यानंतरचे पंधरा दिवस

दहावी हा आपल्याकडे दोन रस्ते फुटण्याचा टप्पा आहे. शिक्षण हक्क कायदा चौदा वर्षे वयापर्यंतच लागू असतो. त्यापुढे मूल शाळेत राहते की कामाला लागते, हे घरची स्थिती ठरवते. मुलींच्या बाबतीत तिसरा रस्ताही असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी झाले होते. पाचातली एक मुलगी. कमाई बुडालेल्या आणि कमी माणसांत लग्न उरकता येण्याच्या काळात हा धोका वाढतो, हे गावपातळीवर काम करणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही.

त्यामुळे साथ असो वा नसो, निकालाच्या आनंदाला कागदांची जोड हवी. अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध मुलांसाठी काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

जातीचा दाखला दहावीच्या निकालाआधीच काढून ठेवावा. तो उपविभागीय अधिकाऱ्यांकडून मिळतो आणि त्यासाठी कुटुंब १० ऑगस्ट १९५० पूर्वीपासून महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा लागतो. आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या दाखल्याची नक्कल, जुने महसुली कागद शोधायला वेळ जातो. टाळेबंदीत कचेऱ्या अपुऱ्या कर्मचाऱ्यांवर चालल्या, तेव्हा ज्यांच्याकडे दाखला आधीच होता त्यांचे काम अडले नाही.

भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती अकरावीपासून सुरू होते. नावातच मॅट्रिकोत्तर आहे, तरी अनेक पालकांना ती फक्त कॉलेजच्या पदवीसाठी आहे असे वाटते. त्यासाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख रुपये ठेवलेली होती. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरावा लागतो. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि आधारशी जोडलेले मुलाच्या नावाचे बँक खाते हे दोन कागद बहुतेक वेळा अडवतात, म्हणून ते आधी करावेत.

दहावीला ७५ टक्के किंवा त्याहून अधिक गुण मिळवणाऱ्या अनुसूचित जातीच्या मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज गुणवत्ता शिष्यवृत्ती आहे. रक्कम महिन्याला ३०० रुपये, म्हणजे लहान. पण कर्जत-खोपोलीच्या प्रवासखर्चाला तिचा हातभार लागतो. शिकण्यासाठी घर सोडावे लागले आणि शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करावी. तीही अकरावीपासून लागू आहे. योजनांचे नियम आणि रकमा बदलत राहतात, म्हणून त्या वर्षीची सूचना पाहूनच अर्ज करावा.

पळसदरीच्या त्या मुलीचे पुढे काय झाले, असे वाचकांना वाटेल. तिने अकरावी कला शाखेत प्रवेश घेतला. अडचण आली ती गुणांची नव्हती. उत्पन्नाचा दाखला नव्हता आणि कर्जतला जायला गाडी नव्हती. वस्तीतल्या एका मोटारसायकलवाल्या मुलाने तिच्या वडिलांना तहसीलला नेले, आणि दाखला झाला.

आपण काय करू शकतो?

ज्या समाजात शिक्षणाचा अधिकारच एका पिढीच्या डोळ्यांदेखत मिळाला, त्या समाजाने दहावी पास झालेल्या मुलासाठी पेढे वाटणे यात लाजण्यासारखे काही नाही. परीक्षा झाली नसली तरीही. विहार समित्यांनी आणि मंडळांनी मात्र आपल्या गुणगौरव सोहळ्याकडे नव्याने पाहावे.

फक्त नव्वद टक्क्यांवरच्या मुलांना व्यासपीठावर बोलावू नये. ७५० पैकी २८२ गुणांची आठवण ठेवावी आणि पास झालेल्या प्रत्येक मुलाला बोलवावे. नापास झालेल्या मुलाच्या घरीही त्याच आठवड्यात कोणीतरी जावे आणि पुरवणी परीक्षेचा अर्ज भरून घ्यावा. भेट म्हणून ट्रॉफी देण्याऐवजी पुस्तक द्यावे. प्रत्येक मुलामागे वस्तीतला एक शिकलेला माणूस जोडून द्यावा. वर्षातून तीनदा, प्रवेशाच्या वेळी, शिष्यवृत्तीच्या अर्जाच्या वेळी आणि परीक्षेच्या आधी, त्याने घरी जाऊन चौकशी करावी. सभागृहाला पुन्हा कधी कुलूप लागले, तर हे काम दारात उभे राहून, तोंडाला मास्क लावूनही करता येते.

आणि 'कोरोना बॅच' हा शब्द आपल्या घरात तरी वापरू नये. त्या मुलांनी २०२१ मध्ये परीक्षा नाकारली नव्हती, परीक्षा त्यांच्यापासून काढून घेतली गेली होती. त्याआधी वर्षभर एका फोनवर, एका खोलीत, कधी विजेविना त्यांनी शाळेचे बोट धरून ठेवले. निकालाच्या दिवशी त्यांच्या आईवडिलांनी वाटलेला पेढा त्या वर्षभराचा होता. तो ज्यांच्यापर्यंत पोहोचला नाही, त्यांनी आजही त्या मुलाच्या घरी जावे आणि सध्या काय शिकतोस, कुठे अडले आहे का, एवढे विचारावे.